मागच्या दारची ओल

वाटणीत पोपटराव बर्ग्यांनी काय काय मिळवलं ते आधी मांडून घेऊ, म्हणजे पुढे त्यांची कीव करायची की नाही हे ज्याचं त्याला ठरवता येईल.

घराचा पुढचा भाग त्यांचा. रस्त्याकडचं फाटक त्यांचं. छतावरचा उन्हाचा सगळा तुकडा त्यांचा, म्हणजे सौरपट्ट्या बसवायच्या त्या त्यांनीच. समोरचं अंगण त्यांचं, आणि तेही कोरडं खडखडीत, मुरमाचं. गाडी लावा, मांडव घाला, पायाला चिखल म्हणून लागणार नाही. धाकटा भाऊ उत्तम याच्या वाट्याला आल्या मागच्या खोल्या, जुनी न्हाणी आणि न्हाणीमागचा तो दलदलीचा पट्टा. वडिलांच्या हयातीपासून तिथं सांडपाणी मुरत होतं, अळू कमरेएवढं माजलं होतं आणि बेडकांना तिथं बारा महिने पावसाळा होता.

पोपटराव कोरेगावातल्या एका पतसंस्थेतून वसुली अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. आपल्याला काय नको ते आधी ठरवायचं आणि तेच समोरच्याला उदार होऊन द्यायचं, ही त्यांची नोकरीत कमावलेली विद्या. पंचांसमोर ते म्हणाले, "धाकटा आहे. पाण्याची जागा त्याला राहू द्या." पंचांनी माना डोलावल्या. एकाच्या तर डोळ्यांत पाणी आलं. उत्तमच्याही आलं, पण ते वेगळ्या कारणानं.

मग मधे भिंत उभी राहिली. पाया खणताना गवंड्याचा टिकाव एका हिरव्या पडलेल्या तांब्याच्या पट्टीवर आपटला. पट्टी पुढच्या घरातून निघून जमिनीखालून मागं न्हाणीकडे गेली होती.

"साहेब, हिचं काय करायचं?"

"कुठून कुठं जातेय?"

"तुमच्याकडनं त्यांच्याकडं."

एवढं कारण पोपटरावांना पुरेसं होतं. "काप," ते म्हणाले. "इकडचं काही तिकडं जायला नको."

पट्टी कापली, भिंत झाली, भावाभावांचं बोलणं बंद झालं. घराला मात्र काही झालं नाही. दिवे लागत होते, पंखे फिरत होते. फक्त फ्रीजला हात लावला की हाताला मुंग्या यायच्या. पोपटरावांच्या पत्नी शालनबाईंनी त्यावर उपाय काढला. फ्रीजसमोर रबरी चपलांचा एक जोड कायमचा ठेवून दिला. पाहुणा दूध काढायला उठला की त्या स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "चपला घाला आधी!" पाहुणा चपला घालायचा. कुणी कधी विचारलं नाही, की देवघरात अनवाणी आणि फ्रीजपुढं चपला, ही कुठली रीत?

अशी सहा-सात वर्षं गेली आणि शालनबाईंची मूत्रपिंडं गेली.

*

एक दिवसाआड साताऱ्याला जायचं. विनाचालक एसटी पहाटे फाटकाशी येऊन उभी राहायची आणि गोड आवाजात शालनबाईंना नावानं हाक मारायची. दवाखान्यात रक्त धुऊन घ्यायचं आणि पिळलेल्या फडक्यासारखं परत यायचं. निम्मा दिवस प्रवासात, उरलेला अंथरुणात, दुसरा दिवस पुन्हा जायच्या धास्तीत. दोन वर्षं त्यांनी हे केलं. मग एका सकाळी एसटीनं हाक मारली आणि त्या उठल्याच नाहीत.

"अगं, गाडी आलीय."

"जाऊ दे तिला."

"म्हणजे?"

"म्हंजी बास. घरी यंत्र आननार असाल तर आना. न्हायतर जेवढं हाय तेवढं हितंच निवांत जगते. त्या गाडीत मी आता पाय ठेवायची न्हाय."

पोपटरावांनी आयुष्यभर लोकांच्या धमक्या ऐकल्या होत्या. कुठली खरी आणि कुठली नुसती, हे त्यांना आवाजावरून कळायचं. ही धमकीच नव्हती. शालनबाई एवढं बोलून कुशीवर वळल्या आणि गाढ झोपल्या.

घरी बसवायची यंत्रं निघाली होती. कपाटाएवढं यंत्र, स्वतःचं पाणी स्वतः शुद्ध करणारं, रोग्याच्या रक्तावर क्षणाक्षणाला नजर ठेवणारं आणि सगळं दवाखान्याला कळवणारं. पोपटरावांनी वसुलीतली सगळी चिकाटी लावून प्रतीक्षायादीतला नंबर वर आणला. यंत्र आलं. त्याबरोबर आली रुबीना मुलाणी, दवाखान्याची यंत्रं बसवणारी इंजिनिअर. आणि तिच्या पिशवीतून निघाला मास्तर.

मास्तर म्हणजे भिंतीवर लावायचं एक पांढरं खोकं. त्याचं सरकारी नाव भलंमोठं होतं, पण ते घरातल्या प्रत्येक उपकरणाला पास-नापास करायचं, म्हणून लोकांनी मास्तर करून टाकलं. घरात रोग्याला जोडायचं कुठलंही यंत्र चालवायचं तर त्याच्या आधी मास्तर लागला पाहिजे, असा कायदा होता. मास्तरनं होकार दिल्याशिवाय यंत्राला वीज मिळत नव्हती.

रुबीनानं मास्तर लावला. त्यानं क्षणभर विचार केला आणि शुद्ध मराठीत सांगितलं, "भूसंपर्क आढळला नाही. वैद्यकीय यंत्रास परवानगी नाही. फ्रीजपासून दूर राहावे."

"फ्रीज कुणी विचारला?" पोपटराव म्हणाले.

रुबीनानं फ्रीजसमोरचा चपलांचा जोड पाहिला, मग पोपटरावांकडे पाहिलं. "काका, तुमच्या घराला अर्थिंगच नाही."

"आठ-नऊ वर्षं झाली. कुणी मेलं नाही."

"कातडीमुळे वाचलात," रुबीना म्हणाली, आणि खुर्ची ओढून बसली, कारण हे तिला प्रत्येक घरात सांगावं लागायचं. "हे बघा. उपकरणातून थोडीफार वीज बाहेर झिरपतेच. नव्यातूनही झिरपते. अर्थिंगची तार तिला मुकाट्यानं जमिनीत नेऊन सोडते. तार नसली की ती माणसातून वाट काढायला बघते. पण कोरडी कातडी तिला सहजासहजी आत घेत नाही, म्हणून तुम्हाला नुसत्या मुंग्या आल्या. आता काकूंचं बघा. त्यांच्या गळ्यापाशी जी नळी घातलीय ती सरळ हृदयाच्या तोंडाशी जाते. नळीत रक्त, आणि रक्त म्हणजे खारं पाणी. वाटेत कातडी नाहीच. तुम्हाला जी मुंगीसुद्धा वाटणार नाही, ती त्यांच्या हृदयाचा ठोका चुकवेल. यंत्राच्या आत त्यासाठी दोन पहारे आहेत. तिसरा पहारा तुमची जमीन. तिन्ही असल्याशिवाय मी बटण दाबत नाही."

"मग घाला की अर्थिंग. खड्डाच घ्यायचाय ना? अंगण केवढं पडलंय."

"घ्या. आठवडाभर यंत्र इथं ठेवते. तोवर मास्तरनं पास केलं नाही, तर यादीतल्या पुढच्या माणसाकडे जाईल. माझ्या हातात नाही ते."

शालनबाई पलंगावरून यंत्राकडे बघत होत्या. त्यांनी कित्येक महिन्यांत पहिल्यांदा केस नीट विंचरले होते. पोपटरावांनी तिकडे बघायचं टाळलं.

*

किसन वायरमन आला. त्यानं अंगणात खड्डा घेतला. हातभर मुरूम निघाला आणि खाली काळा पाषाण लागला. ब्रेकर आणून तो फोडला, तांब्याची पाटी पुरली, भोवती मीठ-कोळसा भरला, वर बादल्या ओतल्या. मे महिना. पाणी दगडावर पडल्यासारखं पडलं, कारण ते दगडावरच पडत होतं.

"भूसंपर्क असमाधानकारक," मास्तर म्हणाला.

"अरे, पण आहे ना! मघाशी नव्हता, आता आहे. थोडं तरी कौतुक कर."

"भूसंपर्क असमाधानकारक. कृपया सुधारणा करावी."

जमिनीचं एक तत्त्व आहे आणि ते बर्ग्यांच्या वाटणीपत्राला ठाऊक नव्हतं. वीज मातीतून जात नाही, मातीतल्या ओलाव्यातून जाते. ओल्या मातीत विरघळलेले क्षार तिला पाठीवर घेऊन जातात. कोरडा मुरूम आणि त्याखालचा पाषाण तिला दारातच उभी करतात. पोपटरावांनी निवडून घेतलेली ती स्वच्छ, कोरडी, चिखल न होणारी जमीन विजेच्या दृष्टीनं जमीनच नव्हती. बोअरचं यंत्र आणून खोल जावं, तर तेही केलं. धूळ आली, आवाज आला, गल्लीतल्या लोकांच्या शिव्या आल्या. ओल आली नाही.

"नापास," असं मास्तर कधी म्हणत नसे. तो "असमाधानकारक" म्हणायचा आणि पोपटरावांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पतसंस्थेत हाच शब्द ते कर्जदारांना लिहायचे.

तिसऱ्या दिवशी किसननं आवाज खाली आणला. "साहेब, एक जुनी युक्ती हाय. अर्थ नसंल तर न्यूट्रललाच तार मारायची. निम्म्या तालुक्यात तसंच हाय. मीटर खूश, साहेब खूश."

"धोका?"

"मास्तरला कळलं तर."

पोपटरावांनी त्याला रुबीनाचं हृदयाच्या तोंडाशी जाणाऱ्या नळीबद्दलचं बोलणं सांगायला हवं होतं. ते त्यांना आठवलंही. पण बायको यंत्राकडे बघत पलंगावर बसली होती आणि आठवडा निम्मा सरला होता. "मार तार," ते म्हणाले.

तार मारली. मास्तरनं जमीन मोजली. मग म्हणाला, "भूसंपर्क उत्तम."

पोपटरावांनी टाळी वाजवली. शालनबाई हसल्या. किसननं पेढ्यांचा विषय काढला. आणि इतक्यात गल्लीत कुणीतरी पाण्याची मोटर लावली.

मास्तरची खरी करामत इथं होती. तो जमीन एकदा मोजून थांबत नसे, तिची नाडी धरून बसायचा. खरी जमीन शांत असते. गल्लीत कुणी मोटर लावो, गिझर लावो, तिला सोयरसुतक नसतं. न्यूट्रलची तार म्हणजे सगळ्या गल्लीच्या विजेची परतीची वाट. तिला जमीन म्हणून पुढे केलं, की कुणाकडे काहीही सुरू झालं तरी ती दचकते.

"जमीन दचकते आहे," मास्तर म्हणाला. "न्यूट्रल जोडणी आढळली. अशा जोडणीने रुग्णाचा मृत्यू संभवतो. नोंद दवाखान्यास पाठवली आहे."

किसन पेढ्यांचा विषय अर्ध्यात सोडून गेला. फोन वाजला. रुबीना होती.

"काका," ती म्हणाली, "काकूंना मारायचं असेल तर सरळ सांगा, मी यंत्र घेऊन जाते."

पोपटरावांनी फोन ठेवला. शालनबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्या रागावल्या नाहीत, तेच वाईट होतं. कंगवा उशीखाली सरकवत त्या म्हणाल्या, "अवो, ह्या घराला पयली अर्थिंग कुटं व्हती? मामंजींनी घर बांदलं तवा फ्रीज काय चावत नव्हता."

पोपटरावांना हिरवी पट्टी आठवली. ती कुठून कुठं जात होती तेही आठवलं.

*

मागच्या दारी जायचं तर गल्लीला वळसा घालून जावं लागायचं. भिंत ओलांडून हाकेवर असलेल्या घराला पोपटराव आठ-नऊ वर्षांत पहिल्यांदा वळसा घालून गेले. वाटेत त्यांनी मनात करार तयार केला. पट्टी जोडण्याच्या बदल्यात छतावरच्या विजेतला एक हिस्सा. भाडं म्हणा, मोबदला म्हणा. फुकट काही नको. फुकट घेतलेलं परत मागितलं जातं, हा त्यांचा अनुभव.

मागं आता बरंच काही झालं होतं. न्हाणीशेजारी पत्र्याची शेड होती, शेडमध्ये पिठाची गिरणी घरघरत होती आणि दाराशी डब्यांची रांग होती. रांगेतल्या बायका त्यांना बघून गप्प झाल्या. गिरणीवर उत्तमची बायको मंदा होती, भुवयांपर्यंत पांढरी. तिनं थोरल्या दिरांना पाहिलं, पदर सावरला आणि गिरणी बंद न करताच ओरडली, "आवं! बाहेर या. दादा आल्यात."

उत्तम बाहेर आला. पोपटरावांनी करार मांडला. पहिलं कलम, दुसरं कलम. तिसऱ्यावर उत्तमनं हात वर केला.

"दादा, तू माझ्याकडं वसुलीला आलायस का मागायला?"

"मी व्यवहार सांगतोय."

"व्यवहार नको मला. आठ वर्षं मी त्या चिखलात डास मारतोय. पंचापुढं म्हणालास, पाण्याची जागा धाकट्याला राहू द्या. सगळं गाव म्हणालं, काय तो भाऊ! आता त्या चिखलात काय हाय ते तुला कळलं. तर नीट माग."

"शालनसाठी आहे हे. माझ्यासाठी नाही."

"वैनीसाठी असतं तर ती आली असती, आणि मी शब्द न काढता उद्या पट्टी जोडली असती. ती आली न्हाय. का आली न्हाय?"

"तिला चालवत नाही."

हे उत्तमला माहीत नव्हतं. भिंतीपलीकडं काय चाललंय ते आठ-नऊ वर्षं त्यानं मुद्दाम ऐकलं नव्हतं, आणि असं न ऐकायला बरेच कष्ट पडतात. पण हात आखडता घ्यायची सवय त्यालाही जडली होती.

"तरी बी तू माग," तो म्हणाला. "भाड्यानं न्हाय. तसंच."

पोपटराव तसेच उभे राहिले. गिरणी घरघरत होती. रांगेतल्या बायका डब्याच्या झाकणांकडं बघत होत्या, म्हणजे एकूण एक शब्द ऐकत होत्या. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्याच्या दारात उभं राहून "आज काय ते सांगा" म्हटलं, त्याला हे एक वाक्य जुळवता येईना. शेवटी ते कसंबसं म्हणाले, "उत्तम, दे बाबा. तुझ्या वहिनीला जगायचंय."

"एवढंच तर पायजे व्हतं," उत्तम म्हणाला, आणि चहा टाकायला सांगितलं. कुणाला? अर्थात मंदाला. तिनं गिरणी थांबवली, हात झटकले आणि चहा टाकला.

*

भिंतीच्या तळाशी भोक पाडून पट्टी जोडली. अळवाखालच्या चिखलात वडिलांच्या वेळची तांब्याची पाटी शाबूत होती. मास्तरनं नाडी धरली, गल्लीत मोटरी लागू दिल्या, गिझर लागू दिले, आणि म्हणाला, "भूसंपर्क उत्तम. जमीन शांत आहे." पोपटरावांना वाटलं, संपलं एकदाचं.

रुबीनानं यंत्र जोडायला घेतलं आणि मास्तर पुन्हा बोलला. "पट्टीवर दुसरे घर आढळले. दुसऱ्या घराची तपासणी आवश्यक."

"आता हे काय नवीन?" पोपटराव कावले. "भाऊ झाला, भिंत झाली. आता याला शेजारीही पास करायचेत?"

"एकच पाटी दोन घरांना म्हणजे दोन्ही घरांची गळती त्याच चिखलात जाणार," रुबीना म्हणाली. "तिकडून जास्त झिरपलं, की पाटीवरचा विजेचा दाब चढतो, आणि तो पट्टीतून उलटा इकडे येतो. म्हणजे काकूंच्या नळीपर्यंत. आता तुम्ही दोन घरं नाही राहिलात, काका. मास्तरच्या हिशेबी तुम्ही एकच घर."

पंचांनी केलेली वाटणी पांढऱ्या खोक्यानं अशी एका वाक्यात मोडली. उत्तमच्या घरातल्या वस्तू एकेक करून तपासल्या. टीव्ही पास. गिझर पास. पंप काठावर पास. मग मंदानं गिरणी सुरू केली आणि मास्तरनं ताबडतोब यंत्राची वीज तोडली.

"मोटर बदलली तर?" उत्तमनं विचारलं.

"मोटर चांगलीय. वेग कमी-जास्त करणारा तो ड्राइव्ह आहे ना, तो जमिनीत थोडी वीज सोडतोच. त्याची घडणच तशी. नवा आणलात तरी सोडणार. एक करता येईल. काकूंचं यंत्र चालू असेल तेव्हा गिरणी बंद."

"यंत्र कधी चालणार?"

"एक दिवसाआड, सकाळी. दवाखान्यात लक्ष ठेवणारी माणसं सकाळीच असतात. दुपारची पाळी मिळते, पण तिचीही यादी आहे. वर्षभर तरी लागेल."

पोपटरावांनी उत्तमकडे पाहिलं. उत्तमनं पोपटरावांकडे पाहिलं. दोघांचेही डोळे भरून आलेले. आठ-नऊ वर्षांनी भाऊ भेटले होते आणि आता एकमेकांना मोठेपणा दाखवायची दोघांनाही घाई झाली होती.

"गिरणीचं काय घेऊन बसलाय," उत्तम छाती काढून म्हणाला. "वैनीच्या जिवापुढं गिरणी काय चीज हाय? बंद!"

"उत्तम!" पोपटरावांनी त्याचे खांदे धरले. "वडिलांचा मुलगा शोभतोस."

शेडच्या दारात मंदा पिठानं माखलेली उभी होती. तिनं तोंड उघडलं होतं, पण तोवर दोघं भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडले होते. अशा वेळी मधे बोलणारी बाई घर फोडणारी ठरते. तिनं तोंड मिटलं.

*

शालनबाईंचं रक्त घरात धुतलं जाऊ लागलं. पहिल्या दिवशी त्या उठून स्वतःच्या पायांनी मोरीपर्यंत गेल्या. पंधरवड्यानं त्यांनी पोळ्या लाटल्या. महिन्याभरात त्या पोपटरावांवर पूर्वीसारख्या खेकसायला लागल्या, तेव्हा पोपटरावांची खात्री पटली की बायको परत आली.

यंत्र सुरू असताना शेजारी जाणतं माणूस हवं, अशी दवाखान्याची अट होती. नळी वाकली तर सरळ करायची, शिट्टी वाजली तर बटण दाबायचं. रक्तानं भरलेली नळी बघून पोपटरावांना घेरी यायची. उत्तमला तर दारातूनच यायची. "मंदा तशी सकाळची मोकळीच असते आता," उत्तम म्हणाला. त्यात खोटं काही नव्हतं. तिला मोकळं त्यानंच केलं होतं. रुबीनानं मंदाला शिकवलं आणि ती दोन दिवसांत शिकली. दलदल होतीच, तरी खबरदारी म्हणून मे सरेपर्यंत अळवाखालच्या पाटीवर रोज पाणी ओतायचं होतं. चिखल मागच्या दारी आणि बादली मंदाची, म्हणून तेही तिच्याकडेच आलं.

भिंतीला आता दार पाडलं होतं. यंत्राच्या सकाळी दोघं भाऊ पुढच्या अंगणात चहा पीत बसायचे आणि वडिलांच्या आठवणी काढायचे. रस्त्यानं जाणारे म्हणायचे, भाऊ असावेत तर असे.

आत शालनबाई खुर्चीत, शेजारी मंदा. मागच्या दारी कुणीतरी डबा वाजवला.

"मंदे, आजबी बंद?"

"उद्या या, मावशी," मंदानं बसल्या जागेवरून सांगितलं.

"उद्या उद्या करत पीठ संपलं की गं. जाऊ दे, जाते चौकातल्या गिरनीवर. तिथं रोज चालू असतं."

पावलं गेली. मंदा नळीकडं बघत राहिली.

"किती गेली अशी?" शालनबाईंनी विचारलं.

"मोजली न्हाईत, आक्का."

"खोटं बोलू नगंस."

"निम्मी गेली. राह्यलेलीबी जातील. रोज उघडी नसली तर गिरनी कसली."

शालनबाईंनी नवऱ्याला हाक मारली. पोपटराव दारात आले आणि नळी दिसू नये म्हणून छताकडे बघत उभे राहिले.

"गिरणी बंद ठेवायचं कुनी ठरवलं?"

"उत्तमनं. स्वतः होऊन. मी शब्दही काढला नव्हता."

"गिरणी भावजींची हाय?"

पोपटराव बुचकळ्यात पडले. "म्हणजे घरचीच ना."

"बचतगटाचं कर्ज कुनी काढलं? मोटर कुनी आनली? पहाटे उठून जाळी कोन झाडतंय?" शालनबाईंचा आवाज चढला तसं यंत्र कुरकुरलं. मंदानं हात दाबला, "आक्का, गप ऱ्हावा, रक्ताचा दाब वाढतोय."

पोपटरावांना ऐकू आलं ते बरोबर, आणि टोचलंही. ते माणूस म्हणून वाईट नव्हते, फक्त हिशेब चुकला तर लगेच रकमेनं मिटवायची त्यांना सवय होती. "मग भरपाई देऊ," ते म्हणाले. "मंदा, तू आकडा सांग. मी नाही म्हणणार नाही."

मंदा हसली. त्यात टोमणा नव्हता, पण थकवा होता. "दादा, त्या दिवशी मी शेडच्या दारातच उभी व्हते. तुमी यांच्या गळ्यात पडला, यांनी तुमच्या. मला कुनीतरी इचारलं असतं, मंदा, आक्कासाठी गिरनी बंद ठेवतीस का, तर मी हो म्हनले असते. लगेच म्हनले असते. मग ते माझं देनं झालं असतं."

"मग आता विचारतो."

"आता काय इचारताय? आता बंदच हाय."

"बघू, दुपारची पाळी मिळाली की..." असं काहीतरी पुटपुटत पोपटराव अंगणात परतले. उत्तमनं विचारलं, "काय म्हणत होती वैनी?" पोपटराव म्हणाले, "काही नाही. बायकांचं." आणि दोघांनी पुन्हा कप उचलले.

शालनबाईंनी वळून हात लांब करून मंदाच्या मांडीवर ठेवला. मंदानं तो उचलून परत जागेवर ठेवला, कारण वळलं की गळ्यापाशी नळी वाकायची. यंत्राची शिट्टी वाजली, तिनं नळी सरळ केली.

शिलकीची बाजू अशी. शालनबाईंना दिवस मिळाले, आणि ते खरेखुरे, पोळ्या लाटायचे, खेकसायचे दिवस. पोपटरावांना बायको मिळाली आणि भावापुढं वाकल्याचं नावही मिळालं. उत्तमला दारात मागायला आलेला थोरला भाऊ मिळाला आणि त्यावर उदार म्हणून कीर्ती मिळाली. दवाखान्याला साताऱ्यातली एक खाट रिकामी मिळाली. रस्त्यावरच्या लोकांना सांगायला एक गोष्ट मिळाली. खर्चाच्या बाजूला नाव एकच. वाटणीत तिला कुणी बसवलं नव्हतं, भांडणात ती बोलली नव्हती, समेटात तिला विचारलं नव्हतं. भरलं सगळं तिनं.